नेढं

"मामा, काटा वर चाललाय."

"तो तसाच असतो."

राजूर मागे पडलं होतं, शेंडीकडचा चढ सुरू झाला होता आणि इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा नेहमीच्या जागेवरून थोडा पुढे सरकला होता. थोडाच. भाचीनं डोळे बारीक करून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गप्प बसली. मामाशी गाडीवरून वाद घालायचा नाही, असं माझ्या बहिणीनं तिला निघताना बजावलं होतं. "तो तसाच असतो" हे मी अलीकडे बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणतो. उजव्या गुडघ्याबद्दल म्हणतो, मोरीतल्या ठिबकणाऱ्या नळाबद्दल म्हणतो, रक्तदाबाच्या सकाळच्या आकड्याबद्दलही म्हणतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला जगाशी भांडण टाळायचं असलं की हे वाक्य फार उपयोगी पडतं.

आम्ही रतनगडाला निघालो होतो. फाल्गुन शुद्ध त्रयोदशी, होळी दोन दिवसांवर, रात्री जवळजवळ पूर्ण चंद्र. गडावरच्या गुहेत एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली, रात्री पुण्यात. बेत इतका सरळ होता की बहिणीला तो एका दमात सांगून झाला होता.

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो. सह्याद्रीला तेवढा धीर नसतो. माघ सरता सरता काटेसावर फुलते, मग पांगारा, मग पळस. गंमत अशी की ही झाडं फुलतात ती ओढे आटायला लागल्यावर. अंगावरची पानं टाकून देतात आणि नागव्या फांद्यांवर ही एवढाली लाल-केशरी फुलं घेऊन उभी राहतात. खर्च नेमका कुठे कापायचा आणि कुठे हात सैल सोडायचा, हे त्यांना कळत असावं. या दिवसांत गडांवर गर्दी नसते. पावसाळ्यात इथे माणसांचीही संततधार असते. मे संपताना काजवे पाहायला भंडारदऱ्याच्या काठाकाठानं रात्रभर गाड्या फिरतात आणि दिव्यांच्या झोतात काजवे शोधतात. फाल्गुनात ऊन लागतं, पाणी पाठीवर वाहावं लागतं, आणि फोटोत डोंगर पिवळे येतात. म्हणून मला फाल्गुन आवडतो.

रतनगडाला मी पहिल्यांदा गेलो तो १९९२ साली. आम्ही चौघं, कॉलेजातले. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून एसटी बदलत शेंडी, आणि शेंडीहून लाँचनं तळं ओलांडून रतनवाडी. त्या प्रवासात बंद पडण्यासारखं आमच्या मालकीचं काहीच नव्हतं. एसटी चुकली तर दुसरी यायची, नाही आली तर स्टँडवर झोपायचं. आता स्वतःची गाडी आहे, त्यामुळे स्वतःची काळजी आहे. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग लाँचनं जाऊ की." मी म्हटलं, गाडी असताना कशाला? त्या "कशाला"ची पुरती किंमत पुढच्या दिवशी मोजली.

तळ्याच्या दक्षिण काठानं मुतखेल, कोलटेंभे करत दुपारी रतनवाडीत पोहोचलो. रस्ता काही ठिकाणी रस्ता होता, काही ठिकाणी नुसती खडी पसरलेली होती. गाडीच्या पोटाला दगड लागले की भाची पाय आखडून घ्यायची. अमृतेश्वराच्या देवळापाशी झाडाच्या सावलीत गाडी लावली. देवळाच्या भिंती बोट ठेवायला जागा नाही इतक्या कोरलेल्या, जवळच कोनाड्यांत देव बसवलेली पुष्करणी. गाडीचं बॉनेट उघडून पाहावं असं एक क्षण मनात आलं होतं. पण सॅक पाठीला लावून झाली होती आणि तेरा किलो एकदा उतरवले की पुन्हा चढवायचा कंटाळा येतो.

तेरातले चार किलो नुसतं पाणी होतं. मुक्कामाच्या सॅकची हीच एक चांगली गोष्ट: आत काय आहे, किती आहे, कुठल्या कप्प्यात आहे, हे तिला वाहणाऱ्याला पाठ असतं. मेणबत्ती उजव्या खिशात, मीठ फिल्मच्या जुन्या डबीत, काडेपेटी दोन पिशव्यांत. पाठीवरच्या ओझ्याचा असा पाई-पाईचा हिशेब ठेवणारा मी ज्या गाडीतून इथवर आलो, तिच्या पोटात काय चाललंय याची मात्र मला गंधवार्ता नव्हती.

रतनवाडीहून वाट प्रवरेच्या पात्राला धरून जाते. प्रवरा रतनगडावरच उगम पावते, आणि इथे ती नदी म्हणण्यासारखी नसते. फाल्गुनात तर दगडांमधली डबकी आणि त्यांना जोडणारी बोटभर धार. दोन्ही काठांना हिरडा, जांभूळ, अंजनीचे निळे-जांभळे गुच्छ, करवंदीची पांढरी फुलं. जंगलात तांबट कुठेतरी एकाच लयीत ठोकत होता. पात्र ओलांडता ओलांडता भाचीनं मोजलं, सात वेळा. मग कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट फुटते ती सोडून आम्ही चढाला लागलो. शेवटी लोखंडी शिड्या. मी शिडीवर गुडघ्याशी बोलतो, मोठ्यानं. भाचीला ते माहीत आहे.

गणेश दरवाजातून वर आल्यावर दोन गुहा लागतात. एकीत रत्नादेवी, दुसरीत मुक्कामाला येणारे. आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आधी टाकं गाठलं. फाल्गुनातलं गडावरचं पाणी पाहायला जाताना दर वेळी पोटात थोडं धस्स होतं, पण ते होतं: गार, काळसर, तळाशी पालापाचोळा, वर पाण्यावरचे किडे पळताहेत. गाळून, उकळून प्यायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याविषयी जे लिहिलंय त्यात पहिली गोष्ट पाण्याची आहे. आधी पाणी पाहावं. नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या हादऱ्यानं झरे दगा देतात. टाकी खोदणाऱ्यांनी ती कुठे खोदली, हेही बघण्यासारखं असतं. एक भेग चुकून तळात राहिली असती तर सगळी मेहनत झिरपून गेली असती. ही टाकी कित्येक शतकं पाणी धरून आहेत. मी हे सगळं भाचीला ओंजळ भरता भरता सांगत होतो. त्याच वेळी पार खाली देवळाच्या सावलीत माझ्या गाडीतून थेंब थेंब काय गळत होतं, ते नंतर कळलं.

संध्याकाळी नेढ्यात जाऊन बसलो. सुईला दोरा ओवायचं भोक ते नेढं. डोंगराच्या माथ्याला वाऱ्या-पावसानं आरपार भोक पाडलं तर तेही नेढंच. रतनगडाचं नेढं आठ-दहा माणसं आरामात बसतील एवढं आहे, आणि वारा त्यातून असा घुसतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. इथून अलंग, मदन, कुलंग एका रांगेत. त्यांच्यापलीकडे कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. दुसऱ्या अंगाला आजोबाचा डोंगर आणि खाली कोकण, धुरकट. भंडारदऱ्याचं तळं पाठ वळवलेल्या जनावरासारखं पडलेलं, आणि त्याच्या काठाला पाणी जिथपर्यंत होतं आणि जिथवर आता आहे यांच्यामधला मातीचा रुंद पट्टा.

"मामा, भोक आहे म्हणून लोक इतक्या लांब येतात," भाची ओरडली.

तेव्हा मी हसलो होतो.

रात्रीची खिचडी कच्ची राहिली. डाळ शिजेचना. भाची भौतिकशास्त्र शिकते. तिनं समजावलं की दर तीनशे मीटर चढल्यावर पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. गड १२९७ मीटर, म्हणजे इथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळ्या फोडायला लागतं, आणि त्यापुढे कितीही जाळ लावला तरी ते जास्त तापत नाही. "उकळतंय म्हणजे शिजतंय असं नाही," ती म्हणाली. कुकरचं सगळं काम शिट्टीचं असतं, वाफ कोंडली की पाणी शंभराच्या पुढे जातं. आम्ही डाळ चावत बसलो. गुहेच्या तोंडाशी चांदणं इतकं स्वच्छ होतं की पातेल्याच्या तळाची काजळी दिसत होती. समोरच्या डोंगरावर कुठेतरी वणव्याची एक बारीक नागमोडी रेघ जळत होती, आवाज नाही, फक्त रेघ. ती बराच वेळ तशीच पाहत राहिलो. पहाटे चंद्र मावळला आणि थंडी वाजली.

खाली उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. गाडीखाली मातीत हातभर लांबीचा एक डाग. वाळलेला, कडेला हिरवट.

"एसीचं पाणी असेल," मी म्हणालो.

"काल दुपारपासून गाडी बंद आहे, मामा."

मग बॉनेट उघडलं. कुलंटची बाटली रिकामी. पिण्याच्या उरलेल्या दोन लिटरांतलं दीड त्यात आणि रेडिएटरमध्ये ओतलं, झाकण आवळलं, हात पुसले. पाणी घातलं म्हणजे दुरुस्ती झाली, हा माझा समज. ते कुठून गेलं हा प्रश्न मला पडला नाही. किंवा पडला असेल, पण भूक लागली होती.

कोलटेंभे मागे टाकून दोनेक किलोमीटर आलो असू. एका वस्तीच्या अलीकडे, वळणावर, रस्त्यात आडवा दोर. जुन्या लुगड्याच्या काठांचा पिळलेला. दोन्ही टोकांना दोन-दोन पोरं, मध्ये एक म्होरक्या, सात-आठ वर्षांचा. "फगवा द्या! फगवा दिल्याबिगर जायाचं नाय!"

मी त्या क्षणी वैतागलो होतो, हे कबूल करतो. काटा पुन्हा वर गेल्याचं मला दिसत होतं आणि चालत्या गाडीला वारा लागतो, तोवर ती तग धरेल अशी माझी वेडी आशा होती. खिशात हात घालून सुटे शोधत होतो, तेवढ्यात म्होरक्याची नजर माझ्यावरून बॉनेटवर गेली.

"ओ! धूर!"

दोर टाकून पाचही जण पळाली. "गाडी पेटली! गाडी पेटली!" बॉनेटच्या फटीतून वाफेचा पांढरा फवारा सुटला होता. मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, पंखा तेवढा घरघरत राहिला. काटा पार वर, लाल रेघेला टेकलेला. त्या पोरांनी अडवलं नसतं तर मी पुढची चार-पाच किलोमीटरं "तो तसाच असतो" म्हणत काढली असती, हेड गॅस्केट गेलं असतं, आणि नंतर बिलाचा आकडा पाहून रक्तदाबाच्या काट्याबद्दलही तसं म्हणता आलं नसतं. रस्त्यात दोर बांधून पैसे मागणं ही खंडणी आहे, असं एरवी माझं ठाम मत आहे. त्या दिवसापुरतं ते मागे घेतलं.

पोरं परत आली, वस्ती घेऊन आली. म्होरक्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "फगवा आता देता का गाडी चालू झाल्यावर?"

"आत्ता," भाची म्हणाली आणि पन्नासाची नोट दिली. पोरगं व्यवहारी होतं.

मोबाइलला रेंज नव्हती. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, एवढं मला ठाऊक होतं. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण फिरलं की तोंडावर येतं. भाची म्हणाली, "कुकरची शिट्टी." बरोबर. काल रात्री तिनं खिचडीवर जे सांगितलं, ते रेडिएटरचं झाकण रोज करतं: वाफ कोंडून पाण्याला शंभराच्या पुढेही उकळू देत नाही. दाब गेला की सगळं गेलं. आमच्या रेडिएटरला कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं, बहुधा उडालेल्या खडीनं. डोंगराला एवढं मोठं नेढं असून तो हलत नाही, आणि ह्याला एवढंसं.

वस्तीतल्या एका पडवीत आम्हाला बसवलं. घरात एक आजी होत्या, आणखी कुणी दिसलं नाही. त्यांनी तांब्यातून पाणी दिलं, मग विचारलं, "कुढून आले?"

"पुण्याहून."

"पुनं लई लांब पडतं, नाय?" त्यांच्या आवाजात खरी सहानुभूती होती.

मी गाडी चालवताना वाटभर हा भाग किती दुर्गम आहे हे भाचीला सांगत आलो होतो. दुर्ग आणि दुर्गम हे शब्द सख्खे. जिथे जायला कष्ट पडतात तो दुर्ग. गडाच्या वाटा सोप्या करू नयेत, अशी पूर्वीच्या गडकऱ्यांची रीत होती, तेव्हा रतनगडाच्या पायथ्याचा रस्ता शत्रूच्या गाडीचा रेडिएटर फोडत असेल तर गड अजून आपलं काम करतोय, असंही म्हणता येईल. पण आजींच्या पडवीत तो शब्द मला जरा अडचणीचा वाटायला लागला. त्या जिथे बसल्या होत्या तिथून त्यांना काहीच लांब नव्हतं. शेत मागे, विहीर खाली, देव डोंगरावर, लेक राजूरला. दुर्गम होतं ते पुणं.

मी गाडीसाठी पाणी मागितलं. आजींनी नकाराची मान हलवली, रागानं नाही, सहज. "हिरीत पानी हाये, पन तळाला गेलंय. हंडा वढता वढता हात जात्यात. पियाचं पानी गाडीला नका घालू. गाडीला धरनाचं आना." आणि आतून पाच लिटरचा एक निळा कॅन आणून दिला, तेलाचा असावा पूर्वी. "आन् परत आना बरं. येवढाच हाये."

मला त्यांचं हे फार आवडलं. पाहुण्याला पाणी द्यायचं, पाहुण्याच्या गाडीला नाही, हा भेद त्यांनी क्षणात केला होता. शहरातून आलेल्या आमच्यासारख्यांना खेड्यातला माणूस सगळं देऊन टाकणारा भेटावा असं वाटत असतं, म्हणजे परत जाऊन सांगायला बरं.

म्होरक्याला बरोबर घेऊन आम्ही तळ्याकडे निघालो. वरून काठ जवळ दिसतो. पण पाणी ओसरलं होतं, आणि ते जिथवर होतं तिथपासून आता जिथे आहे तिथपर्यंत चालत जायला पंधरा-वीस मिनिटं लागली. भेगाळलेली माती, गुरांच्या खुरांचे वाळलेले ठसे, कुठे शिंपले, अर्धी गाडली गेलेली एक चप्पल. आपण तळ्याच्या तळावरून चालतोय, आषाढात इथे आपल्या डोक्यावर पाणी असेल, हे भाचीच्या लक्षात आलं आणि ती मध्येच थांबून वर बघायला लागली. वर पोकळ आकाश, त्यात घार.

इंग्रजांनी हे धरण बांधलं. विल्सन डॅम, १९२६ साली पुरं झालं. अकरा टीएमसी पाणी. काल वाटेत जी प्रवरा आम्ही सात वेळा बूटही न भिजवता ओलांडली, तीच इथे साठते, आणि इथून कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे जाते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. १९५० साली त्याच खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना काढला, महाराष्ट्रातला पहिला. हे मी शाळेत शिकलो, परीक्षेत लिहिलं, पुढे पानभर लेखही लिहिला एकदा. पण धरणाचं पाणी कॅननं भरून चढावरून वर आणायला काय पडतं, ते पाच लिटरांपुरतं का होईना, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दर शंभर पावलांवर हात बदलत होतो. म्होरक्या पुढे, रिकाम्या हातानं, गाणं म्हणत.

परत आलो तर आजींनी कोरा चहा ठेवला होता. चांगला गोड. साखर कुठून येते हे त्यांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तासाभरानं एक पिकअप आला, सिमेंटची पोती घेऊन वरच्या अंगाला चाललेला. ड्रायव्हर पंचविशीतला, तोंडात मावा, कपाळावर गॉगल. तो खाली उतरला, रेडिएटरसमोर उकिडवा बसला, पाणी ओतायला लावलं आणि बोटानं दाखवलं: जाळीच्या खालच्या कोपऱ्यातून, केसासारखी एक धार.

"हळद हाय का?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, त्याला कुठे लागलंय.

आजींनी वाटीतून हळद आणली. ट्रकवाल्यांचा हा जुना इलाज. पाण्याबरोबर हळदीची पूड फिरते, भोकापाशी जाऊन फुगते, अडकते, आणि धार बारीक होते. बंद होईलच असं नाही. त्यानं दोन चमचे टाकले, मग मनाशी काही हिशेब करून आणखी अर्धा. "आता झाकन फुल आवळू नका. आर्ध्यावर ठेवा, म्हंजी प्रेशर व्हनार नाय, गळती कमी. वीस-पंचवीसच्या वर जाऊ नका. दर तीन-चार किलोमीटरला थांबा, पानी बघा. आन् हीटर चालू करा. फुल."

"हीटर?"

"इंजिनाची गरमी आत घ्यायची, दादा. तुम्हाला घाम यील, इंजिनाला येनार नाय."

पैसे घेतले नाहीत, चहा घेतला आणि गेला. आम्ही हजारदा ऐकलेलं "पुढं रस्ता खराब हाय" मात्र जाता जाता म्हणालाच.

फाल्गुनातली दुपार, खिडक्या उघड्या, आणि गाडीत हीटर पूर्ण जोरात. पायावर गरम वारा, डोक्यावर ऊन, आणि कोंडलेल्या वाफेत उकडलेल्या हळदीचा वास, तो मी आयुष्यात विसरणार नाही. पातोळ्यांसारखा अजिबात नव्हता. भाचीनं ओला पंचा डोक्याला गुंडाळला होता आणि तिचे डोळे काट्यावर होते. "मध्यावर... मध्यावर... जरा पुढे... थांब, मामा." थांबायचो. बॉनेट उघडायचो, वाट पाहायचो, पिवळं पाणी पाहायचो, कॅनमधलं थोडं ओतायचो. पहिल्या दोन थांब्यांना चिडचिड झाली. तिसऱ्या थांब्याला एका पळसाखाली होतो आणि फुलांवर मैना इतक्या भांडत होत्या की आम्ही निघायचंच विसरलो. चौथ्याला तळ्यावर चंद्र आला होता, सूर्य मावळायच्या आधीच, कागदासारखा पातळ.

एवढं सावकाश मी या भागात १९९२ नंतर पहिल्यांदाच जात होतो. तेव्हाची लाँचही साधारण याच वेगानं जायची.

शेंडीत पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. गॅरेजवाला सकाळी येणार होता. रात्री लॉजवर झोपलो, बहिणीला फोन केला, तिनं मामाला द्यायला सांगितलं, भाचीनं मामा झोपलाय म्हणून सांगितलं. सकाळी मेकॅनिकनं रेडिएटर पाहून मान हलवली. पूर्वी पितळेचे असत, झाळता येत. हा ॲल्युमिनियमचा, वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या. एम-सील लावून दिलं, पुण्यापर्यंत जाईल म्हणाला, आणि ते गेलं. मध्ये आळेफाट्यापर्यंत दोन-तीन वेळा थांबलो, पण ते भीतीपोटी.

पुण्यात नवा रेडिएटर बसवला. जुना काढताना गॅरेजमधल्या मेस्त्रीनं तो पालथा केला, गदळ पिवळा गाळ फरशीवर ओघळला, आणि त्यानं वर न बघता विचारलं, "साहेब, ह्यात भाजी केली होती का?" मग नळ्या कशा तुंबल्या आहेत, हीटरचाही बोजवारा कसा उडाला आहे, असल्या गावठी उपायांनी गाड्यांची कशी वाट लागते, हे त्यानं मला पंधरा मिनिटं सुनावलं. मी ऐकून घेतलं. त्याचं बरोबर होतं. पिकअपवाल्याचंही बरोबर होतं. एकाला गाडी वीस वर्षं चालवायची होती, दुसऱ्याला वीस किलोमीटर.

काटा आता मध्यावर असतो. मी दर पाच मिनिटांनी बघतो. मोरीतला नळही बदलून घेतला.

चैत्र संपत आलाय. परवा डिकी साफ करताना निळा कॅन सापडला, सॅकच्या मागे आडवा, तळाशी पेलाभर पाणी उरलेलं, तळाला प्रवरेची माती बसलेली. वस्तीवरून निघताना तो आम्ही वाटेत लागेल म्हणून भरून घेतला होता, आणि गडबडीत परत द्यायचा राहिला. भाचीला फोटो पाठवला. तिचा उलट निरोप आला, "आजींचा एवढाच आहे म्हणाल्या होत्या." मग लगेच दुसरा: "या शनिवारी? काजव्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत. लाँच चालू आहे का विचार."